वाढीव वॉरंटीवर सही करण्याआधी: सातारा-सांगलीच्या गाडीवाल्यांसाठी

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सांगलीहून भाच्याचा फोन आला. शोरूममध्येच बसला होता. मागे कुणाच्या तरी गाडीपुढे नारळ फुटल्याचा आवाज, पेढ्यांची गडबड. "आत्या, ऑन-रोडच्या कागदात एक्सटेंडेड वॉरंटीचे १७,५०० धरलेत. सेल्समन म्हणतो आज घेतली नाही तर पुन्हा मिळणार नाही. घेऊ का? पटकन सांग."

मी म्हटलं, "आज त्या ओळीवर काट मार. वॉरंटीचं दरपत्रक आणि अटींचा कागद तेवढा मागून आण. गाडी उद्या घरी येईलच."

दिवाळीत भाऊबीजेला गेले तेव्हा आम्ही दोघं ते कागद घेऊन बसलो. त्या दुपारी जे त्याला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. वाढीव वॉरंटी कुणाला फायद्याची पडते, कुणाला पैसे पाण्यात गेल्यासारखी. आपण यातले कोण, हे कळायला एक निवांत दुपार लागते आणि शोरूमच्या सोफ्यावर ती मिळत नाही.

माझा अनुभव तीन गाड्यांचा. साताऱ्यातल्या आमच्या पहिल्या गाडीला वाढीव वॉरंटी घेतली आणि ऐन वेळी ती कामी आली नाही. दुसरीला घेतली नाही, त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आणि सांगलीच्या दादाच्या ऑटोमॅटिकला घेतली नसती तर त्याला फार महागात पडलं असतं.

मूळ वॉरंटी किती, ते आधी बघा

मूळ वॉरंटी गाडीच्या किमतीतच असते, तिचे वेगळे पैसे नसतात. मारुती सुझुकीने ९ जुलै २०२४ पासून ती २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर केली. वाढीव वॉरंटी तिच्यापुढे जोडली जाते. मारुतीकडे चौथं वर्ष घेतलं तर मर्यादा १,२०,००० किलोमीटर, पाचव्यापर्यंत १,४०,००० आणि सहाव्यापर्यंत १,६०,००० होते. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे, पण घडण हीच. म्हणजे आज भरलेले पैसे तीन वर्षांनी कामाला लागतात. पहिली तीन वर्षं त्या कागदाचा काहीही उपयोग नसतो, हे सही करताना कुणी बोलून दाखवत नाही.

मूळ वॉरंटी दोन वर्षांची होती तेव्हा "घेऊनच टाका" हा सल्ला बराचसा बरोबर होता. घरातली वडीलधारी माणसं आजही तोच देतात. गाडी तीन वर्षांच्या वॉरंटीची असेल तर हिशोब नव्याने करावा लागतो.

आता त्या कागदावरचे सगळ्यात महत्त्वाचे शब्द: "जे आधी होईल ते". वर्षं किंवा किलोमीटर, यातलं जे आधी भरेल तिथे वॉरंटी संपली.

तुमचं रनिंग कागदावर मांडा

माझी एक सहकारी रोज सातारा-कराड ये-जा करते. एका बाजूला साधारण ५० किलोमीटर, दिवसाला १००. कामाचे दिवस २५० धरले तर वर्षाला २५,००० आणि घरचं इकडे-तिकडे ५,०००, म्हणजे ३०,०००. तीन वर्षांत ९०,००० होतात, मूळ वॉरंटी तिला पुरते. पाच वर्षं किंवा १,४०,००० किलोमीटरची वाढीव वॉरंटी घेतली तर तिचे किलोमीटर चार वर्षं आठ महिन्यांतच भरतील. शेवटचे चार महिने वाया. तेवढं चालेल.

पण वर्षाला ४०,००० किलोमीटर फिरणारा एखादा द्राक्षांचा किंवा बेदाण्याचा व्यापारी घ्या. त्याची मूळ वॉरंटी अडीच वर्षांत संपते आणि वाढवलेली साडेतीन वर्षांत. नाव दोन वर्षांचं, पदरात पडलं एक वर्ष. त्याने त्या पैशाला दोनाने नाही, एकाने भागायला हवं.

उलट टोकाला आमची दुसरी गाडी. शाळा, राजवाडा, आठवड्याचा बाजार, महिन्यातून एकदा माहेर. वर्षाला ६,००० किलोमीटरही होत नाहीत. इतक्या कमी चालीत इंजिन-गिअरचा मोठा भाग जाण्याचा धोका कमी. अशा गाडीत त्रास होतो तो बॅटरी बसण्याचा, उंदरांचा, टायर कडक होण्याचा. यातलं काहीच वाढीव वॉरंटीत येत नाही.

गाडी किती वर्षं ठेवणार, हेही खरं खरं लिहा. चार वर्षांत बदलायची सवय असेल तर पाचव्या-सहाव्या वर्षाचे पैसे दुसऱ्याच्या सोयीसाठी भरल्यासारखे. कंपनीची वाढीव वॉरंटी बहुधा गाडीच्या चॅसिस नंबरला जोडलेली असते आणि पुढच्या मालकाला लागू करता येते. विकताना त्यामुळे चार पैसे जास्त येऊ शकतात, पण भरलेले सगळे परत येतील अशी आशा धरू नका. नाव बदलण्याची पद्धत आणि शुल्क काय, हे आधीच विचारून ठेवा.

कागद कुणाचा आहे?

ही पायरी बरेच जण गाळतात आणि पुढे तिथेच अडकतात. एकाच शोरूममध्ये दोन वेगळ्या गोष्टी "एक्सटेंडेड वॉरंटी" या एकाच नावाने विकल्या जाऊ शकतात. एक, गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची. दुसरी, बाहेरच्या एखाद्या संस्थेची किंवा विमा कंपनीच्या आधारावर चालणारी, डीलरमार्फत विकलेली.

कंपनीची असेल तर तिच्या देशभरातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये ती चालते. सांगलीत घेतलेली गाडी गोव्याला जाताना बंद पडली तरी तिथल्या वर्कशॉपला नंबर टाकून सगळं दिसतं. बाहेरच्या योजनेत आधी फोन करून मंजुरी घ्यावी लागते. एका दाव्याला किती आणि एकूण किती मिळणार यावर मर्यादा असू शकते, सुट्या भागांवर घसारा कापला जाऊ शकतो, काही रक्कम दर वेळी तुमच्याकडून घेतली जाऊ शकते.

माझं मत स्पष्ट आहे. नवीन गाडीला घ्यायची तर कंपनीचीच घ्या. बाहेरची स्वस्त दिसते, पण ती ज्या दिवशी लागते त्या दिवशी तुम्ही वर्कशॉप आणि योजनेचं कार्यालय यांच्या मधे उभे असता आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. पावतीवर आणि प्रमाणपत्रावर कुणाचं नाव छापलंय ते तिथेच वाचा. प्रमाणपत्रावर चॅसिस नंबर, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख आणि किलोमीटर असलेच पाहिजेत. डीलरच्या लेटरहेडवर पेनने लिहून दिलेल्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका.

"यात येत नाही" हे पान दोनदा वाचा

सेल्समन तुम्हाला "काय काय येतं" ते पान दाखवतो: इंजिनचे आतले भाग, गिअरबॉक्स, फ्युएल पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), अल्टरनेटर, स्टार्टर, एसी कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. यादी खरी असते. तुम्ही मात्र मागचं पान मागा.

झिजणाऱ्या वस्तू जवळपास कुठल्याच वॉरंटीत येत नाहीत. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, फिल्टर, बेल्ट, रबरी बुश, टायर. बॅटरीची वॉरंटी बॅटरी बनवणाऱ्याची, वेगळी. आता आपल्या भागाकडे बघा. कास फुलांनी भरलं की शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. पसरणी घाटात सुट्टीच्या दिवशी तेच. अर्ध्या क्लचवर तासभर गाडी चढावर धरून ठेवली की क्लच प्लेटचा वास गाडीत येतो. तो वास म्हणजे तुमच्या खिशातला खर्च आहे, वॉरंटीतला नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर सस्पेन्शनचे बुश आणि लिंक जातात, तेही बहुतेक वेळा यादीबाहेर. शॉक अॅब्सॉर्बरचं प्रत्येक कंपनीचं वेगळं, ते नेमकं विचारा.

पुराचं पाणी. सांगलीकरांनी इथे थांबून वाचावं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा शहरात शिरलं. आईचं घर गावभागात. २०१९ ला शेजारच्या काकांची दोन वर्षांची गाडी चार दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर त्यांनी चिखल पुसला, सीट उन्हात काढली आणि बघू तरी म्हणून चावी फिरवली. आत पाणी असलेल्या इंजिनात पिस्टन पाण्याला दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वॉरंटी चालू होती, तरी वर्कशॉपने हात वर केले, कारण पाणी शिरणं हा उत्पादनातला दोष नाही. विमा होता, पण इंजिन प्रोटेक्ट (इंजिनात पाणी शिरून झालेल्या नुकसानीसाठीची विम्याची जोड) नव्हता, आणि विमा कंपनीचं म्हणणं, नुकसान पुराने नाही, गाडी चालू केल्याने झालं. काकांचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून शामरावनगर, गावभाग, मारुती चौक अशा पाणी येणाऱ्या भागात राहत असाल आणि खिशात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर आधी विम्यातला इंजिन प्रोटेक्ट घ्या. गाडी जुनी झाली की तो मिळणं अवघड होतं. आणि पाण्यात बुडालेली गाडी कधीही चालू करून बघू नका, टो करूनच हलवा.

दोन्ही कागदांतला फरक लक्षात ठेवा. साधा मोटार विमा अपघात, चोरी, पूर यांसाठी आहे, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड त्यात येत नाही. झिरो डेप (सुट्या भागांवर घसारा न कापणारी विम्याची जोड) घेतला तरी नाही. वॉरंटी नेमकी त्या बिघाडासाठी आहे आणि अपघात-पुराला तिच्यात जागा नाही. एक असला की दुसरा लागत नाही, हा गैरसमज मी शिकल्या-सवरल्या माणसांकडूनही ऐकला आहे.

उंदीर हे आपल्याकडचं आणखी एक दुखणं. शेताजवळ, गोदामाजवळ, मार्केट यार्डाकडे गाडी उभी राहत असेल तर वायरिंग कुरतडलं जातं. ते वॉरंटीत नाही. विम्यात येतं का, हे पॉलिसीनुसार ठरतं, एजंटाकडून लेखी विचारून घ्या.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंचं कलम सगळ्यात जास्त घात करतं. वायर कापून लावलेले जादा दिवे, मोठा हॉर्न, बाहेरचा म्युझिक सिस्टीम, बाहेरचं सीएनजी किट. गाडीच्या मूळ वायरिंगला काट दिसली की विजेच्या कुठल्याही बिघाडावर "बाहेरचं काम केलंय" असा शेरा पडतो. भाड्याने चालवलेल्या गाडीच्या अटी वेगळ्या असतात. पांढऱ्या पाटीची गाडी लग्नाच्या सीझनला भाड्याने देत असाल तर हे कलम नक्की वाचा.

पार्ट्स काउंटरवर जा

ही माझी आवडती पायरी, कारण इथे अंदाज संपतो आणि आकडे हातात येतात. वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायझरच्या टेबलाकडे न जाता सुट्या भागांच्या खिडकीपाशी जा. आरसी किंवा चॅसिस नंबर दाखवा आणि या भागांची एमआरपी विचारून वहीत लिहून घ्या: एसी कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, इलेक्ट्रिक स्टिअरिंगचं युनिट, ईसीयू, एबीएसचं युनिट, इन्फोटेनमेंटचा स्क्रीन. ऑटोमॅटिक असेल तर एएमटीचा अॅक्च्युएटर (क्लच-गिअर आपोआप हलवणारा भाग) किंवा ड्युअल क्लचचं नियंत्रण युनिट. टर्बो असेल तर टर्बो. डिझेल असेल तर एक इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप. प्रत्येकापुढे मजुरीही विचारा.

भाच्याने हे केलं. खिडकीवरचा माणूस आधी म्हणाला, "गाडी नवी आहे, कशाला हवंय?" मग स्वतःच हसून कॉम्प्युटरवर एकेक आकडा काढून देऊ लागला. वीस मिनिटांत वहीचं एक पान भरलं.

आता त्या पानावर वाढीव वॉरंटीच्या किमतीपेक्षा महाग असलेल्या भागांवर खूण करा. साध्या पेट्रोल मॅन्युअल गाडीत अशा खुणा थोड्या पडतात. त्यातलेही काही भाग बाहेर दुरुस्त होतात. अल्टरनेटर, स्टार्टर भरून देणारे ऑटो इलेक्ट्रिशियन साताऱ्यातही आहेत आणि मिरजेतही, आणि त्यांचं काम वर्षानुवर्षं टिकतं. वॉरंटी नसेल तर तुम्हाला तो मार्ग मोकळा असतो. ऑटोमॅटिक, टर्बो, डिझेल यांत मात्र एकेक खूण वॉरंटीच्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट असते आणि तिथे गल्लीतल्या मिस्त्रीला फारसं काही करता येत नाही.

हिशोब कसा मांडायचा

समजा दोन वर्षांची वाढीव वॉरंटी १६,००० रुपयांना आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी १६,००० चं वॉरंटीत बसणारं काम निघालं तर बरोबरी. त्याहून जास्त निघालं तर फायदा. काहीच निघालं नाही तर १६,००० गेले. कंपनी दर ठरवताना येणारे दावे भागून वर नफा राहील असाच ठरवणार, म्हणून सगळ्या घेणाऱ्यांचा एकत्र हिशोब केला तर ग्राहक तोट्यातच असतात. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

तरीही घेण्याला अर्थ केव्हा? एका महिन्यात अचानक ६०,००० चं बिल आलं तर तुमच्या घराचं काय होईल, हे स्वतःला विचारा. ज्याच्याकडे बाजूला ठेवलेली शिल्लक आहे त्याला ते बिल झोंबेल, पण घर चालेल. ज्याचा पगार हप्ते आणि मुलांच्या फीमध्येच संपतो, त्याला गाडी दोन महिने उभी करावी लागेल. त्या माणसाने सरासरीतला तोटा सोसून वॉरंटी घेणं शहाणपणाचं आहे. दादाचं अगदी हेच होतं. एएमटी गाडी, रोज मिरजेहून कुपवाड एमआयडीसी, शिल्लक फारशी नाही. चौथ्या वर्षी गिअर पडेना, गाडी न्यूट्रलमध्येच अडकली. अॅक्च्युएटर बदलावा लागला. हातात आलं ते ऑइलचं बिल, बाकी वॉरंटीत. तेलं, कूलंट, एसीचा गॅस हे दावा मंजूर झाला तरी बहुधा आपल्यालाच भरावं लागतं, हे मात्र त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी बाजूही मांडते. १५,००० रुपये तीन वर्षं बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर १८,००० च्या आसपास होतात आणि ते फक्त गाडीलाच नाही, कशालाही वापरता येतात. क्लच प्लेटला, टायरला, बॅटरीला. आमच्या दुसऱ्या गाडीच्या वेळी आम्ही हेच केलं. त्या पैशातून सहाव्या वर्षी चार टायर आले.

कर्जात मिसळू देऊ नका. वॉरंटीचे १५,००० ऑन-रोड किमतीत घालून साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांच्या कर्जात बसवले तर एकूण २०,६०० च्या आसपास भरले जातात. तीन वर्षांनी सुरू होणाऱ्या गोष्टीवर पहिल्या दिवसापासून व्याज. घ्यायचीच असेल तर वेगळी पावती करून रोख किंवा यूपीआयने द्या.

कुणी घ्यावी, कुणी नको

ड्युअल क्लच, सीव्हीटी, एएमटी अशी कुठलीही ऑटोमॅटिक, टर्बो पेट्रोल, आणि पाच वर्षं किंवा त्याहून जास्त ठेवायची असेल, तर घ्या. बीएस-६ डिझेललाही घ्या, पण रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरतो आणि ते वापरामुळे झालं असं सांगून बाजूला ठेवलं जाऊ शकतं. अशा माणसाने मुळात डिझेल घ्यावी का, हाच विचार करावा.

साधी मॅन्युअल पेट्रोल, वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटरच्या आत, हाताशी थोडी शिल्लक, ओळखीचा चांगला फिटर: सोडून द्या.

इलेक्ट्रिक गाडीत बऱ्याच कंपन्या बॅटरीला मुळातच ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वेगळी वॉरंटी देतात. तेव्हा "बॅटरी गेली तर काय" या भीतीने वाढीव वॉरंटी घेऊ नका. गाडीतला चार्जर, मोटरचा कंट्रोलर, स्क्रीन हे भाग तिच्यात येतात का, तेवढंच बघा.

बाजारात अगदी नव्या आलेल्या मॉडेलला मी थोडं झुकतं माप देईन. पहिल्या वर्षाच्या गाड्यांत बारीकसारीक दोष जास्त निघतात आणि फिटरलाही त्याची सवय झालेली नसते.

कधी घ्यायची

"आजच घ्यावी लागेल" हे सहसा खरं नसतं. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत कंपन्या वाढीव वॉरंटी देतात. फक्त उशीर होईल तसा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, आणि काही ठिकाणी आधी गाडीची तपासणी होते. म्हणून डिलिव्हरीच्या दिवशी पूर्ण दरपत्रक मागा: आज किती, वर्षभरात किती, दुसऱ्या वर्षी किती, शेवटच्या महिन्यात किती. रकमा जीएसटीसकट लिहून घ्या.

फरक दोन-तीन हजारांचा असेल तर मी थांबेन. कारण अडीच वर्षांनी मला तीन गोष्टी माहीत असतील ज्या आज नाहीत: माझं खरं रनिंग, माझ्या गाडीचा स्वभाव, आणि या मॉडेलमध्ये सगळीकडे काय बिघडतंय ते. तेव्हा वर्कशॉपबाहेर चहाच्या टपरीवर उभ्या ड्रायव्हरांना विचारा, ते कंपनीच्या जाहिरातीपेक्षा खरं सांगतात. फरक दुपटीचा असेल आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर आधीच घेतलेली बरी. भाच्याची गाडी मॅन्युअल पेट्रोल, पहिल्या वर्षात घेतली तरी दर तोच. त्याने मोबाइलमध्ये अकराव्या महिन्याची आठवण लावली आहे.

फक्त ती तारीख चुकवू नका. मूळ वॉरंटी संपली की कंपनीची वाढीव वॉरंटी साधारणपणे मिळत नाही. रनिंग जास्त असेल तर तारखेआधी किलोमीटर संपतील, म्हणून आठवण तारखेची नको, ओडोमीटरची ठेवा.

घेतल्यावर ती जिवंत ठेवा

आमच्या पहिल्या गाडीची गोष्ट आता सांगते. चौथ्या वर्षी, एप्रिलच्या उन्हात, एसीचा कॉम्प्रेसर गेला. वॉरंटी होती म्हणून निर्धास्त गेलो. अॅडव्हायझरने पुस्तिका उघडली, शिक्क्यांवरून बोट फिरवलं आणि एका पानावर थांबला. एक सर्व्हिस जवळपास दोन हजार किलोमीटर उशिरा झाली होती. त्याआधीची बाहेरच्या गॅरेजमध्ये, तिचं बिल आमच्याकडे नव्हतं. "वॉरंटी बसणार नाही, मॅडम." २३,००० भरले आणि घरी आलो. उशिरा झालेल्या ऑइल बदलाचा एसीच्या कॉम्प्रेसरशी काय संबंध, हे विचारायला हवं होतं. नकार लेखी मागायला हवा होता. दोन्ही केलं नाही, ती आमची चूक.

तेव्हापासून माझे नियम असे. सर्व्हिस वेळेत, किलोमीटर किंवा महिने यांतलं जे आधी भरेल त्यावर. ऑइलच्या डब्यापासून फिल्टरपर्यंत सगळं लिहिलेलं बिल, आणि त्याचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षात उडते. वॉरंटी चालू आहे तोवर सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्येच. सुटे भाग आणि बाहेरच्या गॅरेजांची अडवणूक या मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना दंड केला होता, प्रकरण पुढे अपिलांत गेलं. तत्त्व म्हणून ग्राहकाची बाजू मला पटते, पण तुमची गाडी रॅम्पवर उघडी पडलेली असताना तो वाद घालण्याची वेळ येऊ देऊ नये. वॉरंटी संपली की खुशाल आपल्या फिटरकडे जा.

बिघाड झाल्यावर आधी बाहेर खोलून बघू नका. दिवा लागला, आवाज आला, तापमान वाढलं, तर गाडी तिथेच थांबवा. दिवा लागूनही चालवत राहिलात तर पुढचं नुकसान तुमच्या माथी. आणि गाडी खोलायच्या आधी विचारा: दावा नाकारला गेला तर खोलण्याची मजुरी कुणाची? उत्तर जॉब कार्डावर लिहून घ्या.

सगळ्यात मोलाचं काम मूळ वॉरंटी संपण्याआधी दोन महिने करायचं, मग वाढीव घेतलेली असो वा नसो. गाडी घेऊन जा आणि मनात असलेली प्रत्येक तक्रार जॉब कार्डावर लिहायला लावा. थंड असताना येणारी टकटक, तिसऱ्या गिअरला बसणारा झटका, ओला होणारा ऑइल सील, मधेच बंद होणारा स्क्रीन. "नॉर्मल आहे" असं तोंडी उत्तर घेऊ नका, तेही लिहायला सांगा. वॉरंटीत असताना नोंदवलेली तक्रार पुढे वाढली तर तुमच्या हातात पुरावा राहतो.

नकार मिळाला तर

कारण लेखी मागा, कुठल्या कलमाखाली तेही. वर्क्स मॅनेजरला भेटा, मग कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. जॉब कार्ड, प्रमाणपत्र, सर्व्हिसची बिलं आणि फोटो जोडा. फोनवरचं बोलणं झालं की त्याच दिवशी "आज आपलं असं बोलणं झालं" असा ईमेल टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं.

तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असलेली प्रकरणं तिथे चालतात, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वकील असलाच पाहिजे असं नाही. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे आयोग आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता तिथेच तक्रार दाखल करता येते, गाडी पुण्याच्या शोरूममधून घेतलेली असली तरी.